दुसऱ्या दिवशीची चपाती

१५ जानेवारी, किंक्रांत.

सकाळी थंडी होती. उठून चहा घेतला, परसातल्या वाफ्याला पाणी दिले. मग दोन चपात्या केल्या. मेथीच्या भाजीबरोबर एक खाल्ली, एक डब्यात ठेवली. दुपारी गौरवग्रंथाच्या संपादकांचा फोन आला. लेख कुठपर्यंत आला, असे त्यांनी विचारले. आज बसतो, असे मी सांगितले. आमच्या घरी किंक्रांतीला नवे काम हाती घेत नसत. पण ते पाळणारे माणूस आता घरात नाही, म्हणून बसलो आहे.

आदरणीय डॉ. रघुनाथ सोनटक्के सर पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. गव्हावरील त्यांच्या कामाविषयी या ग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. गहू संशोधन केंद्रात मी सहायक होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षे त्यांच्या हाताखाली काढली. मला लिहिण्याची सवय नाही. खरे तर हे माझी पत्नी कमल हिने सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे, असे आमचे ठरले होते. कमल भाद्रपदात गेली.

सरांची पहिली भेट मला चांगली आठवते. कृषी पदविका घेऊन मी शेवगावहून नेमणुकीचा कागद घेऊन आलो, तेव्हा सर प्लॉटच्या बांधावर उभे राहून गव्हाचे दाणे चावत होते. त्यांनी कागद पाहिला नाही.

"गव्हाची काय माहिती आहे?" त्यांनी विचारले.

"काही नाही सर. आमच्याकडे ज्वारी आणि बाजरी."

"बरं झालं. म्हणजे चुकीचं काही शिकून आला नाहीत." असे म्हणून त्यांनी चार दाणे माझ्या हातावर ठेवले. "चावा."

त्या दिवसापासून मी नामदेवराव झालो. वयाने मी त्यांच्याहून बराच लहान, पण त्यांनी कधी नुसते नामदेव म्हटले नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गव्हावर तांबेरा नावाचा रोग येतो. पानांवर आणि खोडावर लोखंडाच्या गंजासारखी भुकटी उठते आणि दाणा पोचट राहतो. कोणता गहू या रोगाला दाद देत नाही हे कळायचे, तर त्याच्या शेजारी मुद्दाम रोग वाढवावा लागतो. म्हणून प्लॉटच्या कडेने तांबेऱ्याला लवकर बळी पडणाऱ्या जुन्या गव्हाची एक ओळ पेरतात आणि तिच्यावर रोग सोडतात. आम्ही तिला रोगी ओळ म्हणत असू. सरांचा नियम होता की कुठलाही नवा गहू रोगी ओळीशेजारी वाढल्याशिवाय पुढे जायचा नाही.

आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात कमल केंद्रावर रोजाने येऊ लागली. ती अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावची. भाताची लावणी तिला पाठ होती, गहू तिने फक्त दुकानात पाहिलेला. एका सकाळी बायका तण काढत असताना तिला ती तांबडी ओळ दिसली. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या. तिने ती अख्खी ओळ उपटली, पेंढी बांधली आणि दूर नेऊन टाकली.

सर आले. त्यांनी ती रिकामी जागा पाहिली. मी त्यांच्या मागे होतो.

"हे कुणी उपटलं?"

"म्या," कमल म्हणाली. "समदं तांबडं झाल्तं. बाकीच्याला लागू न्हाई म्हून काढलं."

"ताई, तो रोग आम्ही पाळला होता."

"रोग पाळत्यात व्हय, सायेब? मानूस कोंबड्या पाळतं, शेळ्या पाळतं."

बायकांनी तोंडाला पदर लावले. सर बांधावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग तिला समोर बसवून रोगी ओळ कशाला लागते ते त्यांनी नीट समजावून सांगितले. त्या वर्षीच्या नोंदी वाया गेल्या होत्या. अहवालात सरांनी लिहिले की ओळ नष्ट झाली, देखरेखीची जबाबदारी त्यांची स्वतःची होती. कमलचे नाव त्यात कुठे नव्हते.

मला मात्र दुसरी गोष्ट अधिक आठवते. बायका गेल्यावर सर वाकून त्या रिकाम्या ओळीच्या दोन्ही बाजू पाहत होते. "नामदेवराव, इकडे या," ते म्हणाले. "एवढी ओळ उपटली, पण शेजारचं एक रोप हललेलं नाही. हा हात आपल्याला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमलच्या हातात चिमटा दिला.

गव्हाच्या फुलात नर आणि मादी एकत्रच असतात. दोन गव्हांचा संकर करायचा तर एका ओंबीतल्या प्रत्येक फुलातले कोवळे पुंकेसर ते पिकायच्या आत चिमट्याने काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या गव्हाचे परागकण तिथे आणून सोडायचे. नख लागले तरी फूल जाते. कमलला हे आठवडाभरात जमले. पुढे केंद्रावरचे बहुतेक संकर तिच्या हातचे असत. ओंबीला बांधायच्या चिठ्ठीवर ज्याने संकर केला त्याच्या नावाचे अक्षर लिहायचे, अशी सरांची शिस्त होती. मजुरांची अक्षरे कशाला, असे एका पाहुण्या अधिकाऱ्याने विचारले तेव्हा सर म्हणाले, "काम त्यांनी केलंय म्हणून."

एका किंक्रांतीला, म्हणजे करीच्या दिवशी, कमल चिमटा घ्यायला तयार नव्हती. "सायेब, आज कर हाय. आज सुईत दोरा बी ओवीत न्हाईत."

"मग ओंबीला तसं सांगून या," सर म्हणाले. "आज थांब, उद्या फूल म्हणावं."

ती ओंब्यांपाशी गेली, खरोखर काहीतरी पुटपुटली आणि कामाला बसली. काय सांगितले ते तिने सरांना सांगितले नाही. मलाही नाही.

सरांनी जे वाण दिले ते आज आपल्या जिल्ह्यात अनेक शेतांत उभे आहेत. त्यातले काही कमी पाण्यावर येतात. त्याचे कारण माझा थोरला भाऊ आहे. सर एकदा शेवगावला आमच्या घरी आले होते. भावाने विचारले, "सायेब, तुमचा गहू लई चांगला हाय, पन आमाला पानी एकदाच मिळतं. मंग काय करायचं?" पुढच्या हंगामापासून केंद्रावर एकाच पाण्याचा वेगळा प्लॉट सुरू झाला. भावाला ते पत्राने कळवायला सर विसरले नाहीत.

आता चपातीचे सांगतो. मळणी झाली की सर निवडलेल्या प्रत्येक गव्हाचे पीठ दळून आणवत. शेडमध्ये चूल लागे, बायका चपात्या करत आणि ताटांना नुसते नंबर असत. अधिकारी, सहायक, मजूर सगळे एकत्र बसून खात आणि गुण देत. पण सरांची खरी परीक्षा पुढे असे. प्रत्येक नंबरची एक-एक चपाती फडक्यात बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार खायची. "गरम चपाती कुठल्याही गव्हाची चांगली लागते," ते म्हणत. "शेतावरचा माणूस गारच खातो. पोरं डब्यात गारच नेतात."

कमलने केलेल्या एका संकरातून पुढे एक गहू निघाला. त्या संकरातला एक तांबेऱ्याला न जुमानणारा जुना उंच गहू होता, दुसरा फाल्गुनातल्या उन्हात टिकणारा बुटका. पुढच्या कितीतरी हंगामांत त्यातून निवड करत जे उरले, त्याला नंबर होता, पण बायका कमलच्या तालुक्यावरून त्याला अकोल्याची म्हणत. रोगी ओळीशेजारी ती हिरवीगार राही. उशिरा पेरली तरी दाणा भरे. दुसऱ्या दिवशी तिची चपाती फडक्यातून काढली की रुमालासारखी घडी होई. कमल ती घडी करून सगळ्यांना दाखवी.

पण दाणा बारीक होता आणि रंग मळकट. बाजारात तो उठणार नाही, असे पुढच्या चाचणीत ठरले आणि अकोल्याची मागे पडली. सरांनी वाद घातला नाही. आपल्या माणसाची म्हणून तिला वेगळा नियम लावता येणार नाही, एवढेच ते म्हणाले.

"सायेब, माजा गहू नापास केला तुमी," कमल त्यांना म्हणाली.

"नापास झाला ताई, पण टाकला नाही. घरी नेलाय."

ते खरे होते. निवृत्तीनंतरही सर कडुनिंबाचा पाला घातलेल्या एका डब्यात ते बी ठेवत आणि दर दोन-तीन वर्षांनी घरामागे पेरून ताजे करत. गव्हाचे बी असेच ठेवले तर हळूहळू उगवायचे बंद होते. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर सरांना वाकता येईना आणि पेरणी राहून गेली.

कमल आजारी पडली तेव्हा सर राहुरीहून बसने देवळालीला आमच्या घरी येत. काठी टेकवून तिच्या खाटेशी बसत. तब्येतीचे फारसे बोलत नसत. ती विचारी, "सायेब, अकोल्याची हाय ना?" ते म्हणत, "आहे. पण म्हातारी झाली, माझ्यासारखी." ती म्हणे, "बरी झाले की मीच पेरते. तुमी नुसतं बांधावर बसा."

ती गेल्यावर सर आले, बसले, गेले. दिवाळीनंतर पुन्हा आले तेव्हा हातात तो डबा होता.

"नामदेवराव, यंदा पेरलं नाही तर संपेल."

मी परसात वाफा केला. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे रोगी ओळीसाठी जुन्या गव्हाची पुडीही आणून ओट्यावर ठेवली होती. सरांचे तिकडे लक्ष गेले.

"लावणार?"

"नियम तोच आहे सर."

सरांनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "यंदा नको. यंदा नुसतं बी वाढू द्या. परीक्षा पुढच्या साली घेऊ."

इतक्या वर्षांत सरांनी कुठल्याच गव्हाला ही सवलत दिलेली मी पाहिली नव्हती. मी पुडी आत नेऊन ठेवली.

डबाभर बियांतून थोडीच रोपे उगवली. रोज सकाळी पाहतो. गेल्या आठवड्यात पहिल्या ओंब्या बाहेर पडल्या. सर येऊन पाहून गेले. त्यांनी एक ओंबी दोन बोटांत धरली, वाकवली नाही. "हीच," ते म्हणाले. "ताईंची."

अजून दाणा भरायचा आहे, ऊन यायचे आहे, चिमण्या आहेत. सगळे नीट झाले तरी यंदा मूठभर बी मिळेल. पुढच्या साली ते रोगी ओळीशेजारी पेरायचे. त्यातून जे टिकेल ते त्याच्या पुढच्या साली वाढवायचे. दळण्याइतका गहू त्यानंतर होईल. मग चपाती होईल, फडक्यात बांधली जाईल आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती खाऊन गुण द्यायला लागेल. ते काम सरांशिवाय दुसऱ्या कुणाचे नाही. म्हणून सरांचे गुडघे, दात आणि डोळे चांगले राहावेत, त्यांनी शतायुषी व्हावे, ही माझी इच्छा केवळ शुभेच्छा म्हणून लिहिलेली नाही. मला त्याची गरज आहे. ताटावर दोघे तरी असावेत.

लेख इथे संपवतो. उन्हे उतरली आहेत, चिमण्या वाफ्याकडे येऊ लागतील, जाळी ओढून यायची आहे. डब्यात सकाळची चपाती आहे, दुकानच्या गव्हाची. आज ती उद्यासाठी ठेवत नाही. चहा टाकतो आणि खाऊन घेतो.