मंडली गेली

पुंडलिक दादूस गेले हे कळलं तेव्हा मी अंबरनाथच्या एका हॉलमध्ये बारशाचं निवेदन करत होतो. क्लबमधल्या जुन्या वेटरचा मेसेज आला. वाईट वगैरे वाटायच्या आधीच माझ्या तोंडून दादूसचा आवाज निघाला, नाकातला, शेवटचं अक्षर ओढणारा... सवय, दुसरं काय.

उल्हासनगर कॅम्प दोनमधला आमचा ‘चांदणी’ क्लब केव्हाच बंद पडला. तिथे आता सोफ्यांचं शोरूम आहे. हल्ली लोक त्याच्या आठवणी फार गोड करून सांगतात. गोड काही नव्हतं. दुकानांवरचा एक हॉल, छताला फिरणारा काचेचा गोळा आणि माईकवर मी. लोक फर्माईश चिठ्ठीवर लिहून पाठवायचे, ती मी वाचायचो. कुळगावचे दादूस दर शनिवारी संध्याकाळी पहिल्या टेबलावर असायचे. चिठ्ठी आगरीत, गाणं एकच, आणि ते लागलं की फोन स्पीकरकडे उंच धरून बसायचे. एकदा मी त्यांची चिठ्ठी त्यांच्याच आवाजात वाचली. हॉल हसून लोळला. आमचे सिंधी शेठ पाठीवर थाप मारून म्हणाले, “साईं, ये तो हर हफ्ते होना मंगता.” झालं. दादूसही हसायचे, म्हणून त्यांना लागत नाही अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली.

मग ती चिठ्ठी आली. “माजी मंडली गेली. तिचे आवरीचा गाना लावा.” मंडळी म्हणजे बायको, आवरीचा म्हणजे आवडीचं, एवढं मला कळलं. पुढचं मी स्वतःच्या अकलेने जोडलं. चिठ्ठी त्यांच्या आवाजात वाचली आणि वर ओरडलो, “वहिनी माहेरी! दादूस मोकळे!” शिट्ट्या झाल्या, वरातीचा ठेका लागला. दादूस उठले, त्यांनी हात जोडले. पब्लिकला वाटलं, नमस्कार करतायत... टाळ्या पडल्या. ते खाली बसले आणि ठेका संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

“बाई वारली रे त्यांची, परवा,” वेटर मला जिन्यात म्हणाला. माफी मागायला उद्या जाऊ, असं मी बरेच दिवस म्हणत राहिलो. दीड महिन्याने दादूस पुन्हा आले. चिठ्ठी आली, पब्लिक ‘आवाज, आवाज’ ओरडायला लागलं. मी तीही त्यांच्याच आवाजात वाचली. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

दादूसच्या बाराव्याला कुळगावला गेलो. त्यांची मुलगी रेश्मा पाणी घेऊन आली. “तुमी चांदनीतले माईकवाले ना? आई अंथरुनाला खिललेली. बाबा तिथून फोन लावायचा, आमी तिच्या कानाला धरायचू. तिचा गाना.” मग म्हणाली, “आमच्याकरं बाबाचा आवाजच नाय कनी भरून ठेवला. तुमी हुबेहूब कारायचे म्हनतात. येकदा कारा ना.”

चेष्टा नव्हती. तिने आपला फोन माझ्या तोंडापुढे उंच धरला होता, अगदी बापासारखा. मी घसा साफ केला. इतक्या वर्षांच्या इतक्या चिठ्ठ्या, पण तोंडात एकच वाक्य आलं.

“माजी मंडली गेली.”

“हां, असाच,” डोळे पुसत ती म्हणाली.

वेटर सांगतो, रेश्मा येणाऱ्याजाणाऱ्याला फोनमध्ये भरलेलं ते वाक्य लावून ऐकवते. सगळे गप्प बसून ऐकतात. त्या घरात दादूसचा आवाज म्हणून आता माझाच आवाज आहे, आणि तो मी क्लबमध्ये काढायचो तसाच आहे.