पॉलिहाऊसमधली सावली

शिरड शहापूरच्या पंचक्रोशीत आपल्या हौसेनं स्वतःची सावली घालवून बसलेला माणूस एकच झाला, आणि तो माझा धाकटा दीर. भाऊजींनी पॉलिहाऊस उभारलं तेव्हा छताला मुद्दाम दुधी प्लॅस्टिकचा कागद घेतला. त्यातून ऊन विखरून, चहूकडून सारखं येतं. त्यामुळे आत भर दुपारीही सावली पडत नाही, ना माणसाची ना ढोबळी मिरचीच्या रोपाची. "म्हणून तर खालच्या पानालाबी उजेड भेटते, वैनी," असं ते मला जेवतानासुद्धा सांगत. आत पंखे होते, पण वीज जाळणं त्यांना पटायचं नाही. टोपी काढून मधल्या वाटेवर उभे राहत. टकलावर ओल जाणवली की बाजूचे पडदे वर गुंडाळत. दमटपणा मोजायचं यंत्र मागाहून जागं व्हायचं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, टक्कल दर वेळी पुढे.

तोडणीच्या बायकांनी मात्र पहिल्याच दिवशी पाट्या दाराशी ठेवल्या. "जिथं सावली न्हाई तिथं जित्या माणसानं काहून जावं?" सुभद्राबाई म्हणाली. भाऊजी भांडले नाहीत. त्यांनी मधोमध स्टूल टाकलं, खांद्यावरचा रुमाल वरच्या तारेवर टाकला आणि महिनाभर दुपारच्या दुपारी तिथं बसले. बाहेर आले की उन्हात उभे राहून दाखवत, "हे बघा, बराबर आली माघारी." बायका हसल्या, आत आल्या, पण ते स्टुलावर असतील तरच.

दोन वर्षांनी भाऊजी अचानक गेले. मिरची तोडणीला आलेली, आणि बायका पुन्हा दाराशी. मी उजेडाचं शास्त्र सांगितलं, चहा पाजला, शेवटी ओरडले.

"तुमाला शास्त्र हाय वैनीबाई, आमाला लेकरं हायेत."

आणखी चार-पाच दिवसांत माल मऊ पडला असता. मी एकटीच तोडायला लागले. तिसऱ्या दुपारी मधल्या वाटेवर सावली दिसली. काळी, ठसठशीत; स्टुलावर वाकून बसलेल्या माणसाची. माझ्या टाळूवर गार ओल जाणवली. मी आधी पडदे वर केले, मग शोध घेतला. वर कागद हातभर फाटला होता. थेट ऊन स्टुलावर आणि तारेवरच्या त्या रुमालावर पडत होतं. रुमाल कुणी काढलाच नव्हता. एवढंच.

दारातून सुभद्राबाई बघत होती. बराच वेळ बघून तिनं पदर खोचला.

"बसलेत म्हणा की," म्हणाली, आणि पाटी घेऊन आत आली. मागून बाकीच्या.

कागद जोडणारा आला तेव्हा मी त्याला सगळ्या फटी दाखवल्या, ती सोडून. तिथल्या दोन रोपांची फळं उन्हानं भाजतात, आणि भर दुपारी तोडणी करू नये, हे मला कळतं. पण सावली दुपारीच येते. तासाभरानं ती सरकत स्टुलाखाली जाते आणि नाहीशी होते. आम्ही तेवढ्या वेळात तोडतो.