सुलोचनामावशीचा एक कप

माझ्या हातच्या एका कप चहामुळे सुलोचनामावशीचं लग्न राहिलं.

तेही तिच्या स्वतःच्या नवऱ्याशी.

आज सकाळी जालन्यात मावशी वारली. शारजाची जुनी मंडळी तिला ओळखतील, बाकीच्यांसाठी सांगते.

तिथल्या रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. एका क्लिनिकमध्ये नर्स होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही.

माझी आई गेली तेव्हा मी अकरावीत होते. बाबा रुवैसला रिफायनरीत, फक्त वीकेंडला घरी. मावशीने कोणालाही न विचारता माझा ताबा घेतला.

मावशी ख्रिश्चनांमधल्या मॉर्मन पंथाची होती. जालन्याच्या ख्रिश्चन घरातली, पण इथे आल्यावर लॉर्ना नावाच्या फिलिपिनो नर्सबरोबर त्यांच्या प्रार्थनेला जायला लागली आणि तिथलीच झाली.

म्हणजे दारू नाही, सिगरेट नाही, कॉफी नाही.

आणि चहासुद्धा नाही!

बाबा म्हणायचे, "शारजात दारूबंदी सरकारची आणि चहाबंदी आमच्या सुलोचनाताईंची."

ती हसायची आणि गरम पाण्यात लिंबू पिळून घ्यायची.

जूनच्या उन्हातही तिच्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत असायच्या. प्रार्थना शुक्रवारी, कारण इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्यांचा रविवारही शुक्रवारी यायचा. त्या दिवशी खरेदी बंद. माझी वही संपलेली असली तरी बंद.

"काल आणायची होतीस. आज काय मागायलीस?"

आणि सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी. तसा त्यांच्यात नेमच असतो. टीव्ही बंद, छोटीशी प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून काहीतरी खेळायचं. आता हिच्या घरात ही एकटी. म्हणून दर सोमवारी मला हाक यायची आणि आम्ही कॅरम खेळायचो.

"बट मावशी, आय हॅव अ टेस्ट टुमॉरो!"

"असू दे. आज सोमवार आहे."

शिक्षण संपून मी नोकरीला लागले आणि बाबांना लग्नाची घाई सुटली. शेजारच्या दुबईतलं, देऱ्याचं एक स्थळ आलं. मुलगा बँकेत. एका गुरुवारी संध्याकाळी मंडळी बघायला आली.

चहा मी केला. मावशी आईच्या जागी बसली होती.

ट्रे फिरला. मावशीने नेहमीसारखा हात आडवा केला.

मुलाची आई हसत म्हणाली, "अहो, मुलीच्या हातचा चहा तुम्हीच घेत नाही? मग आम्ही कसा घ्यायचा?"

बाबा गडबडले. "नाही हो, तसं नाही. त्यांच्या धर्मात चहा..."

"धर्मात?"

बाईंनी कप खाली ठेवला. मावशीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे. नेमकं कोणाच्या घरात आलोय, असा तो चेहरा मला अजून आठवतो.

मावशीने पुढे वाकून ट्रेमधला एक कप उचलला.

"आमच्या पोरीच्या हातचा आहे," ती म्हणाली, आणि सगळा प्यायली.

पाहुणे खूश होऊन गेले. मी तर नंतर मावशीला चिडवलंसुद्धा.

"मावशी, खलास! आता रोज घ्यायचा."

ती कप विसळत होती. "साखर जास्त पडली होती," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी मी त्या मुलाला नकार दिला. त्याला नोकरी न करणारी बायको हवी होती. मावशी म्हणाली, "बरं केलंस. मन नाही तिथं जाऊ नये."

विषय संपला. निदान माझ्यासाठी तरी संपला होता.

आज दुपारी लॉर्नाचा फोन आला. ती आता मनिलाला असते. दोघी रडलो, मग जुन्या गोष्टी निघाल्या आणि ती सहज बोलून गेली.

त्यांच्या मंदिरात नवराबायकोची गाठ बांधतात. मरणानंतरही न सुटणारी. नवरा हयात नसला तरी बांधता येते. इकडे कुठेच तसं मंदिर नव्हतं, म्हणून त्या वर्षी लॉर्नाबरोबर फिलिपिन्सला जायचं मावशीचं ठरलं होतं. सुट्टी मंजूर झाली होती.

पण आत जाण्याआधी मुलाखत असते. नियम पाळता का, असं सरळ विचारतात.

मावशीने चहाचं सांगून टाकलं.

लॉर्ना म्हणाली, "दे टोल्ड हर, इट्स ओके सिस्टर, वन कप ओन्ली. पश्चात्ताप झाला ना? मग झालं."

आणि मावशी म्हणाली होती, "तीच तर अडचण आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पोरीसाठी मी पुन्हा पिईन. मग पश्चात्ताप झाला असं कसं सांगू? थोडं थांबते."

ती थांबली. पुढे क्लिनिक बंद पडलं, व्हिसा गेला, ती जालन्याला परतली. मग गुडघे, मग किडनी. जाणं झालंच नाही.

"शी नेव्हर टोल्ड यू?" लॉर्नाने विचारलं.

नाही. कधीच नाही.

ज्या मुलाचं आडनावही मला आता आठवत नाही, त्याच्यापायी. आणि मी तिला चिडवत होते!

लॉर्ना म्हणाली, आता तिच्या नावाने दुसरं कोणीतरी मंदिरात जाऊन ती गाठ बांधू शकतं. ती स्वतः जाईल. फक्त मावशीच्या घरच्या माणसाने हो म्हणायला हवं.

"हू इज हर फॅमिली?"

जालन्यात तिचं कोणी उरलेलं नाही.

"मी आहे," मी म्हणाले.

"यू आर हर...?"

"मुलगी."

फोन ठेवला आणि वाटलं, मावशी आता म्हणणार, खोटं कशाला बोलायलीस?

मग लक्षात आलं, आज सोमवार आहे.

टीव्ही बंद केलाय. कॅरम मांडलाय.

ये आता, मावशी. काकांना माझा नमस्कार सांग.