तिसरा डबा, दुसरं दार

आमच्या स्टेशनवरच्या मामांशी माझी ओळख भांडणाने झाली. जिना उतरून मी जमिनीखालच्या त्या गार हवेत पाऊल टाकते न टाकते तोच कुणीतरी मागून माझे दोन्ही खांदे धरले आणि मला पुढे ढकलायला लागलं. मी काठी रोवून थांबले आणि म्हटलं, "मी काय कपाट आहे का हो?"

"नाही हो ताई," मागून घाबरलेला आवाज आला. "पण आधी मी कपाटंच हलवायचो. सामान हलवणाऱ्यांकडे होतो. हात तसेच पडतात."

आता यावर काय चिडणार, कपाळ? पण राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, तो एवढ्यात उठत नाही. तिकिटाच्या फाटकासमोर, सगळ्या गर्दीदेखत मी त्यांचा वर्ग घेतला. आंधळ्या माणसाला ढकलायचं नाही, ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, तो ते धरेल, आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. मामांनी कोपर पुढे केलं. इतकं ताठ की दाराची कडी धरल्यासारखं वाटलं.

मामा म्हणजे स्टेशनवरचे मदतनीस. म्हातारीकोतारी, चाकाच्या खुर्चीवरची, माझ्यासारखी न दिसणारी, अशा सगळ्यांना फाटकापासून गाडीत बसवून द्यायचं हे त्यांचं काम. मी एका इस्पितळात टेलिफोनवर बसते, म्हणून मी टेलिफोनताई. मी चढले की ते माझ्या उतरायच्या स्टेशनला फोन करायचे, "तिसरा डबा, दुसरं दार, टेलिफोनताई निघाल्या." तिथली मदतनीस पोरगी बरोबर त्या दारासमोर उभी राहायची आणि मला उतरवून घेतलं की उलटा फोन करायची, "पोचल्या." तो फोन येईपर्यंत मामा फलाटावरून हलत नसत. वरच्या साहेबांनी टोकून पाहिलं, तरी नाही. हे मला त्या पोरीने सांगितलं. मामा स्वतः सांगतील तर शपथ.

माणूस लाख मोलाचा, फक्त चौकशा फार.

"ताई, चहा ओतताना कप भरला हे कसं कळतं?"

"कडेवरून बोट आत सोडायचं. बोटाला चहा लागला की थांबायचं."

"भाजत नाही?"

"भाजतं. म्हणून तर कळतं!"

दुसऱ्या दिवशी, कपडा उलटा की सुलटा ते कसं ओळखता. तिसऱ्या दिवशी, आंघोळीच्या वेळी साबण निसटला तर काय करता. शेवटी माझं डोकं फिरलं. फलाटावरच मी आवाज चढवला. "मामा, तुम्ही काय चौकशीचं खातं उघडलंय? उद्या मी झोपते कुठल्या कुशीवर तेही विचाराल!"

बोगद्यातून वारा आला, म्हणजे गाडी जवळ आली होती. गाडी आली, दारं उघडली, मिटली, गेली. त्यांनी मला चढवलंच नाही.

"आमच्या हिची नजर गेली, ताई," ते म्हणाले. "साखरेच्या आजाराने. उन्हाळ्यात अगदीच गेली."

मग भडाभडा सगळं बाहेर आलं. मामी शिवणकाम करायच्या, अर्ध्या गल्लीचे कपडे त्यांच्या हातचे. आता दिवसभर पलंगाच्या कडेला बसून असतात. सकाळी मामा रांधून ठेवून येतात, संध्याकाळी ताट तसंच. उंबरा ओलांडायचं नाव नाही. मामांनी हात धरला तर म्हणतात, मला कडेवरच्या पोरासारखं मिरवू नका. "तुम्ही सांगता ते सगळं मी घरी जाऊन सांगतो. तुमची बोटाची युक्ती सांगितली, तर कप भिंतीवर गेला. अशीच बसून राहिली तर ही हातातून जाईल हो माझ्या."

पुढची गाडीही मी जाऊ दिली.

आमच्या इस्पितळाच्या मागच्या रस्त्याला एक वर्ग चालतो. नजर नव्याने गेलेल्या माणसांना तिथे स्वयंपाक, काठीने चालणं, मशीनवरचं शिवणसुद्धा शिकवतात. मी मामांना म्हटलं, मामींना माझ्याबरोबर गाडीत बसवा, पुढचं मी बघते. "बसली तर ना," मामा म्हणाले. "घोडं तिथेच तर अडलंय."

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, अरुंद जिना, दोन खोल्या. मामा चहाच्या निमित्ताने आत सटकले आणि आम्ही दोघी समोरासमोर. मी आपली अक्कल पाजळायला सुरुवात केली. वर्ग असा, बाई प्रेमळ, अमुक आणि तमुक. मामींनी मला मध्येच तोडलं.

"तुम्ही जन्मापासून अशा ना?"

"हो."

"मग माझं काय गेलंय ते तुम्हाला नाही कळायचं."

खरं होतं. मी तसं म्हटलंही. आत मामांनी साखरेच्या डब्याची तीनदा उघडझाप केली असेल, पण बाहेर यायची हिंमत त्यांना होईना.

मग मामींनीच हळूच विचारलं, "यांचा तो कामाचा सदरा मी मापाला लहान करून दिला होता. डोळे जायच्या आधीचं शेवटचं काम. खांद्यात नीट बसतो का हो? दिसतात का बरे?"

मी थांबले. त्याही थांबल्या.

"मामी," मी म्हटलं, "तुम्ही कुणाला विचारताय?"

आधी त्यांच्या नाकातून एक फुसका आवाज आला. मग त्या जे हसायला लागल्या! मी पण हसले, पलंग हलेपर्यंत हसलो दोघी. आत काहीतरी खळकन पडलं. मामा धावत बाहेर आले नि "काय झालं, काय झालं" करत राहिले, आणि त्यांना सांगायला आम्हा दोघींना श्वास पुरेना.

"ते दिसतात कसे ते मला नाही माहीत," मी डोळे पुसत म्हटलं, "पण स्टेशनवर बोलतात कसे ते ऐकायला या एकदा. काय तो रुबाब! घरात ऐकला नसेल तुम्ही."

पुढे मी रेटलं नाही, मला तेवढी जीभ आवरली हेच नवल.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी फाटकापाशी मामांचा आवाज कापरा होता. "ताई, ही आलीये." मी कोपर पुढे केलं. त्यावर एक गार हात आला आणि गच्च आवळला गेला. फलाटावर मामींनी माझ्या कानात तीनदा विचारलं, कड किती लांब आहे. मामा मात्र एकदम साहेबी आवाजात फोनवर बोलले, "तिसरा डबा, दुसरं दार, दोन प्रवासी."

"अगं बाई," मामी पुटपुटल्या, "हे आमचेच का?"

मामांना स्टेशन सोडता येत नव्हतं. दारं मिटली आणि ते बाहेर राहिले. सबंध वाटेत माझा दंड बधिर झाला, पण त्यांनी तो सोडला नाही. उतरायच्या स्टेशनला दार उघडलं तेव्हा मात्र सोडला. दाराच्या दांड्याला धरून पाऊल त्यांनी आधी टाकलं, माझ्या आधी.

पोरीने फोन लावला. "मामा, पोचल्या दोघी."

पलीकडून काही नाही. "मामा? हॅलो? ऐकू येतंय का?" फोनमधून गाडीचा खडखडाट आला आणि नाक ओढल्याचा आवाज.

"द्या इकडे," मामी म्हणाल्या. चाचपडत त्यांनी फोन घेतला. "अहो, ऐका. आज दुपारी जेवायच्या डब्यात अंडी आहेत. तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा मी उकडली. सोलली पण मीच. कुठे टरफल राहिलं असेल तर कुरकुर करू नका, काढा आणि खा."

मामांना 'हो' म्हणायचं होतं. ते दुसऱ्या खेपेला जमलं.