फ्रीजच्या नंबरावरचं कुंकू

गेल्या सुट्टीत पाण्याची बाटली काढताना तुम्ही आजोबांची इन्सुलिनची डबी हलवलीत आणि माझी बोलणी खाल्लीत. तेव्हा कारण सांगायचं राहून गेलं.

आमचा जुना फ्रीज एका मे महिन्यात गार करायचा थांबला. आतला दिवा लागत होता, घरघर चालू होती, म्हणून मला कळलंच नाही. मी रोज वेळेवर इंजेक्शन देत होते आणि तुमच्या आजोबांची साखर रोज चढत होती. तिसऱ्या दिवशी कुपी हातात कोमट लागली; आतलं औषध उन्हाळ्याने निकामी झालं होतं. तोवर त्यांना नीट उभंही राहता येत नव्हतं. सौंदडहून गाडी करून गोंदियाला नेलं, चार दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून फ्रीजवर माझा विश्वास नाही. तो विकणाऱ्यावर आणि दुरुस्त करणाऱ्यावर तर त्याहून नाही.

नवा फ्रीज दसऱ्याला घेतला. वर्ष भरत आलं तशी वॉरंटी विकणाऱ्या एका मुलीच्या फोनांना सुरुवात झाली.

"मॅडम, आपके फ्रिज की वॉरंटी शनिवार को खत्म हो रही है. तीन साल बढ़ा दूँ?"

"तुम्हाला माझी तारीख कुणी सांगितली?"

"सिस्टम में दिखता है, मॅडम."

माझ्या स्वयंपाकघरातला फ्रीज कुणाच्या सिस्टममध्ये दिसतो, हे मला मुळीच आवडलं नाही. त्याच संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, वॉरंटी वाढवू नकोस. विमा काढ, मी इथून पैसे भरतो." तुमच्या बाबांनी आजवर कुठलाही करार शेवटपर्यंत वाचलेला नाही. त्यामुळे त्यांच्या खात्रीचीच मला जास्त शंका आली.

मी दोन्हींचे कागद झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले आणि फूटपट्टी ओळीखाली धरून वाचायला बसले. आपल्याकडे भांड्याला येणारी बाई दोन वेळा माझ्याभोवती झाडून गेली.

"आजी, कायले येवढं वाचून राहिल्या? फ्रीज तं चालू हाय."

"बंद पडल्यावर वाचून काय उपयोग?"

"बंद पडला तं मिस्त्री येते. कागद थोडीच येते!"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण मला एक गोष्ट सापडली. वॉरंटी वाढवून देणारी मुलगी दर वाक्यात कॉम्प्रेसरचं नाव घेत होती, आणि कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी कंपनीच्या मूळ कार्डावर आधीच छापलेली होती. म्हणजे जे माझं होतं तेच ती मला पुन्हा विकत होती. शिवाय बारीक अक्षरात लिहिलं होतं की विजेच्या चढउतारामुळे झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. आपल्याकडे धानाला पाणी द्यायला सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो आणि बंद झाले की डोळे दिपतात. इथे फ्रीज आणखी कशाने मरणार? जुना त्यानेच गेला होता.

विम्यात विजेचं नुकसान धरलेलं होतं. झिजून बिघडलेलं मात्र नव्हतं. दोन्हीकडे मेकॅनिक सात दिवसांत येणार होता, आणि त्या सात दिवसांत औषध कुठे ठेवायचं हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. तरी विमा बरा, असं मी ठरवलं. अट एकच होती, वॉरंटी संपायच्या आत फ्रीजवरच्या नंबराचा फोटो पाठवायचा.

फ्रीज भिंतीपासून ओढला आणि मी बघतच राहिले. नंबराच्या चिठ्ठीवर तेलात कालवलेल्या कुंकवाचा जाड टिळा होता. सुरुवातीचे आकडे पार गेले होते.

"अहो, हे तुम्ही केलंत?"

"मग? आणला त्या दिवशी पूजा नको करू? तू तं आरतीचं ताट आणून देल्लं."

"दार होतं ना टिळा लावायला!"

"दार म्हणजे पोट. नंबर म्हणजे मशीनचं कपाळ. पंपाले, मळणीयंत्राले तीस वर्षं तिथंच लावलो, कधी काही बिघडलं?"

तिथे पितळी पट्ट्या होत्या आणि इथे कागद होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं म्हणजे माझ्याही आलं नव्हतं. ताट मीच तर धरलं होतं. वर्षभर मी दुकानदारावर, फोनवरच्या मुलीवर, तुमच्या बाबांवर संशय घेत होते आणि नंबर पुसला होता आमच्याच घरात.

पुसलेले आकडे लावून बघायला मी फायलीतलं बिल आणलं. फ्रीजवर शेवटचा आकडा स्पष्ट दिसत होता, पाच. बिलावर सहा होता. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग माळ्यावरून फ्रीजचा खोका उतरवला. जुन्या गोधड्या ठेवायला मी तो जपला होता, आणि त्यावरून हे वर्षभर मला हसत होते. खोक्यावरही पाचच. म्हणजे बिल दुसऱ्याच फ्रीजचं होतं आणि त्या बिलावर काढलेला विमा पहिल्याच दाव्याला नाकारला गेला असता.

दुसऱ्या दिवशी खोक्याचा तो पुठ्ठा कापून, पिशवीत घालून मी रेल्वेने गोंदियाला गेले. दुकानदाराने वही उघडली, सालेकशाच्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला आणि त्यांना फ्रीज ओढायला लावला. त्यांचा नंबर सहाचा निघाला.

"दसरे की भीड़ में बिल बदल गये, माताजी. टेन्शन मत लो, नया बना देता हूँ."

"ते बनवाच. आणि सांगा, मे महिन्यात हा बंद पडला आणि तुमचा माणूस सात दिवसांनी आला, तर इन्सुलिन कुठे ठेवू?"

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "सौंदड स्टेशन के सामने मेरे साले की दवाई की दुकान है. वहाँ रख देना. मैं बोल देता हूँ."

"लिहून द्या."

"माताजी, इसका भी कागज?"

"याचाच कागद हवा."

त्याने हसत हसत नव्या बिलाच्या मागे मेहुण्याचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. सौंदडला उतरल्यावर मी आधी ते औषधाचं दुकान गाठलं आणि त्याचा फ्रीज उघडायला लावून आत हात घालून बघितला. चांगला गार होता.

मग विमा काढला. नंबरासोबत खोक्याचाही फोटो जोडला, आणि तो चालेल असं विमा कंपनीकडून लेखी मागवून घेतलं. उरलेल्या आकड्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली. दसऱ्याला तुमच्या आजोबांनी ताट घेतलं, फ्रीज ओढला, चिकटपट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि टिळा तिच्यावरच लावला.

"माह्या कुंकवानं तं चोरी पकडली," ते म्हणाले.

मी फ्रीज उघडला. डबी काढली, कुपी तळहातावर धरून गार आहे का ते बघितलं आणि मगच सुई भरली. तसं मी रोजच बघते. म्हणून ती डबी हलवायची नाही.