काकींचा अर्ज

काकींना तारखा आठवत नसत, निवडणुका आठवत. धाकटी कधी झाली विचारलं, तर म्हणायच्या, "आणीबाणीनंतर मत टाकलं ना, तेव्हा सातवा लागलेला. तशीच उभी राहिले रांगेत." वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, त्या वर्षी घरात गॅस आला. मतदानाचं यंत्र आलं, त्या वर्षी जावई.

यामागे त्यांची आई होती. पहिल्या निवडणुकीची यादी करायला माणूस आला, तेव्हा तिने परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. 'अमक्याची बायको' एवढंच लिहिलं गेलं आणि पुढे तेही कापलं गेलं. मतदानाला ती नवं लुगडं नेसून गेली आणि तशीच परत आली. तिचं बोट धरून काकी सोबत होत्या.

म्हणून यादी लागली की काकी परळच्या आमच्या चाळीतल्या एकेका बाईचं नाव तपासत. चष्मा असून दिसायचं नाही, मग मला न्यायच्या. "वाच गो बाय. आणि बायकांची नावं भरभर वाचू नको." याद्या करायची माझी सवय तिथलीच. पुढे मी चाळीतून दुसरीकडे राहायला गेले, पालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि चाळीच्या मतदारयादीचं काम माझ्याकडेच आलं. काकींनी हातावर साखर ठेवली. "आता घरचं माणूस बसलं यादीवर."

नियम असा, की दार बंद दिसलं तर पुन्हा जायचं, शेजारी विचारायचं. काकींच्या दारी मी मे महिन्यात एकदाच गेले. कुलूप होतं. दिवसाचा तक्ता त्याच दिवशी पुरा करायचा, म्हणून 'स्थलांतरित' लिहून पुढच्या दाराकडे वळले. काकी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अँटॉप हिलला लेकीकडे होत्या. समोरच्या खोलीत विचारलं असतं तरी कळलं असतं.

मतदानाच्या दिवशी त्या टॅक्सीने आल्या. केंद्राबाहेरच्या टेबलावर मीच होते.

"परत बघ गो."

तीनदा बघितलं. म्हटलं, "काकी, वरून कापलं गेलंय."

त्यांनी स्वतःची बाटली माझ्यापुढे सरकवली. "तू कशाला तोंड पाडतेस? उन्हात बसलीयस, पाणी पी."

आठवड्याने त्यांनी घरी बोलावलं. "अर्ज लिही. तुझं अक्षर सुबक." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. 'ज्याने नाव कापलं त्याला शिक्षा नको. पण त्याने पुन्हा येऊन दार वाजवायला हवं होतं, एवढं त्याला कळवावं.' मग थांबून म्हणाल्या, "त्या माणसाचं नाव काय असेल गो?"

"ते लिहावं लागत नाही, काकी."

त्यांनी पूर्ण नावाची सही केली, एकेक अक्षर जुळवत.

नवीन नोंदणीचा फॉर्म मी त्याच दिवशी भरला. नाव यादीत परत आलं. अर्ज मात्र मी पाठवला नाही. अजून माझ्याच फायलीत आहे.

पुढच्या मतदानापर्यंत काकी राहिल्या नाहीत. इस्पितळात शेवटची भेटले तेव्हाही त्यांनी विचारलं, "उत्तर आलं का गो?"

"अजून नाही, काकी."

"येईल. एवढ्या माणसांचं बघायचं, म्हणजे वेळ लागणारच."