मामांनी शिकवलेला ट्रक

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या शेठचं छोटं वर्कशॉप आहे. तिथं जनावरांचा चारा कापायच्या कडबाकुट्ट्या तयार होतात. त्या टेम्पोत भरून गावोगावच्या दुकानदारांकडे पोचवायच्या, हे माझं काम. आधी मी तिथंच यंत्रांना रंग मारायची. टेम्पोचा ड्रायव्हर एक दिवस न सांगता काम सोडून गेला. मला गाडी येत होती, लायसनही होतं. मी म्हटलं, आजचा माल मी नेते. तेव्हापासून सहा वर्षं टेम्पो माझ्याकडेच राहिला.

मागच्या वर्षी शेठनी टेम्पो काढायचं ठरवलं आणि त्याच्या जागी जुना ट्रक घेतला. मला बोलावून म्हणाले, "ताई, तुम्ही हेवी लायसन काढलंत तर ही गाडी तुमचीच. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. दिवाळीपर्यंत थांबतो, तोवर टेम्पो चालू द्या."

पुन्हा रंगाच्या खोलीत जायचं मला जिवावर आलं होतं. तो वास घरी आल्यावरही केसातून जायचा नाही. पण ट्रक शिकायचा कुठं? ड्रायव्हिंग स्कूलचा हेवीचा क्लास भर दुपारी असायचा. महिनाभर दुपारचं काम बुडवलं असतं तर शेठ दिवाळीपर्यंतही थांबले नसते.

रात्री जेवताना मी नवऱ्याला हे सगळं सांगत होते. मामा, म्हणजे माझे सासरे, पलीकडे भाकरी कुस्करत बसले होते. ते एसटीत ड्रायव्हर होते. सासूबाई गेल्यावर तिसगावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. माझ्याशी ते सरळ कधी बोलायचे नाहीत. चहा हवा असला तरी नवऱ्याला म्हणायचे, "तिला सांग." मी टेम्पो चालवायला लागल्यापासून तर तेवढंही कमी झालं. त्यांना ते पटलेलं नाही, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी त्यांनी ताटात हात धुतला आणि नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, मी शिकवतो."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी मामांचं ताट उचललं.

लायसनसाठी डॉक्टरांकडे तपासणी झाली. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे मला धडाधड वाचता आले, तेव्हा पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं. लर्निंग लायसन हातात आलं आणि पुढच्याच सुट्टीच्या दिवशी मी आणि मामा वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. प्लॉटला कंपाउंड होतं, फाटकाची किल्ली शेठनी दिली होती.

ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच. मध्ये निरोप द्यायला कोणी नाही. मी डोक्यावरून ओढणी घेतली होती. घरात त्यांच्यासमोर घ्यायचीच, तशी इथंही घेतली. मामा समोर काचेकडे बघत बसले. मग म्हणाले, "डोक्यावरचं खाली घे. तुला बाजूचा आरसा दिसत न्हाई."

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. मी ओढणी खांद्यावर घेतली आणि तिला मागून गाठ मारली.

"हां. आता क्लच दाब. पार खालपर्यंत दाब. ह्यो टेम्पो न्हाई."

पुढं गाडी न्यायला मला फार वेळ लागला नाही. स्टिअरिंग जड होतं, गिअर टाकताना हात दुखायचा, पण ते जमलं. माझं घोडं अडलं ते मागं घेताना. मामांनी रंगाची चार रिकामी पिंपं मांडली आणि त्यांच्यामधून ट्रक मागं घ्यायला सांगितला. पहिल्या दिवशी मी चारही पाडली. एक तर चाकाखाली चेपून गेलं. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघायची आणि मामा म्हणायचे, "मान आत घे. आरशात बघ. मागचं चाक कुठं हाय ते आंगाला कळलं पायजे."

"पण मामा, आरशात सगळं उलटं वाटतं."

"मला बी वाटायचं. घे पुन्यांदा."

ते कधी ओरडले नाहीत. पिंप पडलं की खाली उतरायचे, ते उचलून जागेवर ठेवायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. वय झालेलं, केबिन उंच. चढताना त्यांचा गुडघा दुखायचा. मी म्हणायची, पिंप मी उचलते. ते म्हणायचे, "तू हितंच बस. ड्रायव्हरनं सारखं खाली उतरायचं नसतं."

चौथ्या की पाचव्या सुट्टीला ट्रक पिंपांना न शिवता मागं गेला. आम्ही केबिनमध्येच थर्मासमधला चहा घेतला. मला धीर आला होता, म्हणून विचारलं, "मामा, मी गाडी चालवते ते तुम्हाला आवडत नव्हतं ना?"

"कोन म्हनलं?"

"तुम्ही बोलायचाच नाहीत."

त्यांनी कप डॅशबोर्डवर ठेवला. "येष्टीत माझी सारी उमर गेली. रस्त्याव काय काय बघितलं ते घरी कवा सांगितलं न्हाई. तू टेम्पो घिऊन गेलीस की त्याचा आवाज येईस्तोवर माझ्या घशाखाली चा उतरत न्हाई. आता ह्यात बोलायचं काय हुतं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. सहा वर्षं मी घरी पोचले की हे ओट्यावरून उठून आत जायचे. माझं तोंड बघायला नको म्हणून उठतात, असं मला वाटायचं. छातीवरचं काहीतरी कोणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. रडू येईल असं वाटलं, पण मामांनीच सोडवलं. म्हणाले, "चल, पिंपं जवळ जवळ लावतो आता. लई सोपं व्हतंय तुला."

पुढची अडचण कागदाची होती. परीक्षेला बसायचं तर ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतोच, हे आम्हाला नंतर कळलं. आरटीओसमोरचा एक एजंट म्हणाला, "गाडी बघायचीसुद्धा गरज नाही. दाखला उद्या देतो." मी मामांकडे बघितलं. ते रस्त्याकडे चालायला लागले. मी मागोमाग गेले. बरंच पुढं गेल्यावर ते म्हणाले, "असल्या दाखल्याव चालवनारे समोरून यायचे. मी बघितल्यात."

दोन स्कूलांनी, बाहेर शिकलेल्याला दाखला देत नाही, म्हणून सांगितलं. तिसऱ्या स्कूलचे मालक साठीचे, शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, "शिकलात कुठंही, नियमाचे तास माझ्या गाडीवर भरावे लागतील. त्याशिवाय मी सही करत नाही. पहाटे सहाला येता का? कामाला जायच्या आधी होईल." मामा म्हणाले, "येती." ते माझ्या वतीनं बोलले याचंच मला नवल वाटलं.

पहिल्या दिवशी ते मालक माझ्या शेजारी चुका लिहायला पेन घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते पेपर घेऊन आले आणि आतलं पान वाचत म्हणाले, "चालू द्या. कुणीतरी मला शिकवायला काही ठेवलेलंच नाही." तास भरले, सही झाली.

परीक्षेच्या दिवशी मी आणि मामा सकाळीच आरटीओत पोचलो. रांगेत सगळी पोरं, मी एकटी बाई. इन्स्पेक्टर साहेबांनी कागद बघितले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चला." मागं घेणं पहिल्याच खेपेत झालं. वळण झालं. शेवटी चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं. तिथं क्लच जरा लवकर सुटला आणि इंजिन बंद पडलं.

आता गेलं, असं मनात आलं. पण पाय ब्रेकवरच होता. हँडब्रेक ओढला, पुन्हा स्टार्ट केलं, क्लच हळू सोडत गाडीनं जोर धरेपर्यंत थांबले आणि मग हँडब्रेक सोडला. ट्रक वर गेला.

साहेब कागदावर लिहीत होते. मी म्हटलं, "सर, बंद पडली."

"पडली. मागं गेली का?"

"नाही."

"मग झालं. उतरा."

फाटकाबाहेर मामा चहाच्या टपरीपाशी उभे होते. मला बघून दोन पावलं पुढं आले. "चढाव बंद पडली का? मला आवाज आला."

"हो. पण पास झाले."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिनंच कपाळ पुसलं आणि टपरीच्या बाकड्यावर बसले. मीही शेजारी बसले. टपरीवाल्यानं न विचारताच दोन चहा आणून ठेवले आणि आम्ही दोघांनीही ते गरम गरमच पिऊन टाकले.

लायसन पोस्टानं आलं तेव्हा दिवाळीला तीन आठवडे होते. शेठनी ट्रकची किल्ली माझ्या हातात दिली आणि पहिला माल शेवगावचा काढला. नगर सोडलं नाही तोच पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. हवालदारानं आधी डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी कोण चालवतंय?"

"मीच."

त्यानं लायसन घेतलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पाठीमागची बाजू वाचली. कागद सगळे खरे होते. त्यानं लायसन परत दिलं. "करंजी घाटात सावकाश जावा. पुढं एक गाडी बंद पडलीय."

घाटात मी गाडी दुसऱ्या गिअरला टाकली. मागच्या ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, मग तो पुढं निघून गेला. मी घाई केली नाही. खाली तुरीची शेतं दिसत होती, खिडकीतून गार वारा येत होता आणि इंजिन एका सुरात चाललं होतं.